गहाळ

पहिली नोंद गोचिडीची. ती ऐकीव माहितीवर करावी लागते, कारण मी ती पाहिलीच नाही. कनेक्टिकटच्या झाडीत मे ते जुलै या दिवसांत हिंडणारं तिचं अर्धवट वाढलेलं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. चावताना लाळेने कातडी बधिर करतं, त्यामुळे दुखत नाही की खाजत नाही. गुडघ्याची लवण, काख, जांघ, केसांखालची मान असल्या आडजागी तीन-चार दिवस चिकटून रक्त पितं आणि पोट भरलं की आपसूक गळून पडतं. पुढे प्रत्येक डॉक्टरने पहिला प्रश्न हाच विचारला, "गोचीड पाहिली होती का?" लाइम आजार झालेल्या बहुतेकांनी ती पाहिलेली नसते. ज्यांना ती दिसते ते चिमट्याने ओढून काढतात आणि बहुधा सुटतात, कारण जंतू अंगात उतरायला तिला सहसा दिवस-दीड दिवस तरी चिकटून राहावं लागतं.

माहेरी, सावंतवाडीकडे, गोचीड म्हणजे गोठ्यातली. म्हशीच्या कानामागे फुगून बसलेली, राखाडी, टपोरी. आजी ती बोटांनी ओढून रॉकेलच्या वाटीत टाकायची. संध्याकाळी वाटीत काय पडलंय ते कुणालाही वाकून बघता यायचं.

चट्टा. चावल्यानंतर 3 ते 30 दिवसांत उठतो, कडेकडेने पसरत जातो, दुखत नाही, आणि औषध घेतलं नाही तरी काही आठवड्यांत मावळतो. शंभरातल्या सत्तर-ऐंशी रुग्णांना तो येतो असं इथलं आरोग्य खातं सांगतं. पुस्तकातल्या चित्रात लाल कडं, आत फिकट पट्टा आणि मधोमध ठिपका असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो नुसताच सरसकट लाल असतो. शिवाय चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीवरची. आपल्यासारख्या सावळ्या अंगावर तो जांभळट दिसतो, तपकिरी दिसतो, किंवा दिसतच नाही. माझ्या पोटरीच्या मागे काहीतरी होतं खरं. नवऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं आणि म्हणाला, "कुठेतरी घासलंय." पुढच्या आठवड्यात तेही नव्हतं.

मग ताप, मग मान धरली, मग उजव्या गुडघ्यात पाणी झालं.

रक्ततपासणी जंतू शोधत नाही. जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणजे चट्टा अंगावर ताजा असतो तेव्हा तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, आणि पॉझिटिव्ह यायच्या वेळेला चट्टा गेलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात कागदाच्या पट्टीवरच्या रेघा मोजतात. जुन्या संसर्गासाठी ठरावीक दहा रेघांपैकी पाच उमटल्या तर पॉझिटिव्ह, चार उमटल्या तर नाही. हा नियम 1994 साली मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या परिषदेत ठरला. कुठेतरी सीमा आखावीच लागते, हे मला पटतं. चार रेघांवर अडकलेल्या माणसाला पटवून द्यायची पाळी मात्र माझ्यावर येऊ नये. माझ्या रेघा भरल्या. अजूनही भरतात, कारण आजार गेला तरी त्या वर्षानुवर्षं राहू शकतात. त्यामुळे मी बरी झाले की नाही, हे त्या तपासणीला विचारण्यात अर्थ नसतो.

जंतू. मळसूत्री आकाराचा. 1981 मध्ये विली बर्गडॉर्फर नावाच्या शास्त्रज्ञाला न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवरून आणलेल्या गोचिडींच्या पोटात तो दिसला. शोधत होता दुसराच आजार. जंतूला त्याचंच नाव दिलं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घेतल्या की तो बहुतेकांच्या अंगातून जातो. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गोळी दूधदह्याबरोबर नको, गोळ्या चालू आहेत तोवर उन्हात नको. दहीभात सोडला, ऊन सोडलं, गोळ्या संपवल्या. गुडघ्याची सूज उतरली. बाकीचं राहिलं.

बाकीचं म्हणजे काय, हे सांगायला जावं तर यादी रोज बदलते. आज खांदा, उद्या टाच. तळपायात मुंग्या. दहा तास झोपून उठल्यावर न झोपल्यासारखा थकवा. जिना चढून वर आलं की वर कशाला आलो ते खाली राहतं. औषध पूर्ण होऊन सहा महिने गेल्यावरही असं चालू असलेले लोक शंभरात पाच ते दहा निघतात, असा इथल्या आरोग्य खात्याचा आकडा आहे. अमेरिकेत दर वर्षी सुमारे 4 लाख 76 हजार लोकांवर या आजाराचे उपचार होतात, असा त्याच खात्याचा 2010 ते 2018 या काळातला अंदाज. म्हणजे आमची जत्रा काही लहान नाही. हे का होतं? शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरलेली राहते, असं काहीजण म्हणतात. 2019 मध्ये ब्रँडन जुट्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सांधे सुजलेल्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात, औषधं होऊन गेल्यावरही, मेलेल्या जंतूच्या भिंतीचे तुकडे सापडतात. घर पडलं, विटा राहिल्या. पण तो निष्कर्ष सांध्यांपुरता. डोक्यातल्या धुक्याला अजून कुणी असं बाटलीत भरून दाखवलेलं नाही.

या आजाराचं नाव ज्या गावावरून पडलं ते लाइम आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. कनेक्टिकट नदी समुद्राला मिळते त्याच्या जवळचं शांत, झाडीत दडलेलं गाव. तिथे पॉली मरे नावाच्या चित्रकार बाई राहत. साठच्या दशकापासून त्या, त्यांचा नवरा, मुलं, सगळ्यांना आळीपाळीने काहीतरी होत होतं: चट्टे, डोकेदुखी, सुजलेले गुडघे, कुबड्या. डॉक्टरांना काही सापडेना. बाईंच्या मनातच खोट असावी, असंही त्यांना सुचवलं गेलं. त्यांनी केलं ते एवढंच, की टिपणं ठेवली. कुणाला, केव्हा, काय झालं. मग शेजारच्या घरांतलंही विचारून लिहू लागल्या. 1975 मध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. त्याच परिसरातल्या आणखी एका आईनेही स्वतंत्रपणे केला. येल विद्यापीठातून ॲलन स्टीअर हा तरुण डॉक्टर आला आणि या बाईंची टिपणं घेऊन कामाला लागला. लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन गावांत मिळून 51 रुग्ण निघाले, त्यांतली 39 मुलं. काही रस्त्यांवर तर दर दहा मुलांमागे एकाचा सांधा सुजलेला. लहान मुलांचा संधिवात इतका दाटीवाटीने होत नसतो. आणि त्या 51 जणांपैकी चट्टा उठल्याचं आठवत होतं फक्त 13 जणांना.

स्टीअरच्या नावावर 1977 चा शोधनिबंध आहे, बर्गडॉर्फरच्या नावावर जंतू आहे, गावाच्या नावावर आजार आहे. मरेबाईंच्या नावावर त्यांनी स्वतःच लिहिलेलं एक पुस्तक. 2019 मध्ये त्या गेल्या. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वैद्यकीय उपकरण म्हणजे त्यांची ती टिपणं. मीही ठेवते. पण माझी काही शोध लावण्यासाठी नाहीत. डॉक्टरसमोर बसल्यावर आठवत नाही म्हणून.

वार. रविवारी आमच्या मंडळाची मराठी शाळा भाड्याच्या वर्गखोल्यांत भरते. पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. सोपं काम: आठवड्याचे वार फळ्यावर लिहायचे आणि मुलांकडून म्हणून घ्यायचे. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. खडू टेकवला आणि पुढे काही येईना. विसरल्यावर जे जिभेवर घोळत राहतं तसंही काही नव्हतं. तिथे नुसती भिंत. मी फळ्याकडे पाहत उभी, मागे मुलांची चुळबूळ. शेवटी पुढच्या बाकावरची एक चिमुरडी दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, फ्रायडे." मी तिला शाबासकी दिली आणि फळ्यावर देवनागरीत "फ्रायडे" लिहून मोकळी झाले. मुलं खूश. मीही हसले. पुढच्या सत्रात वर्ग दुसऱ्या ताईंकडे गेला. त्या चांगलं शिकवतात.

पुस्तकं वाचते, पण पातळ. सहाशे पानी कादंबरीतली माणसं तिसऱ्या प्रकरणापर्यंत एकमेकांत मिसळतात. जुने दिवाळी अंक बरे पडतात.

लस. ही गहाळ झालेली गोष्ट सगळ्या देशाची. डिसेंबर 1998 मध्ये लाइमरिक्स नावाच्या लसीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तीन मात्रा घेतल्या की सुमारे 76 टक्के संरक्षण. युक्ती फार देखणी होती: लस घेतलेल्या माणसाचं रक्त गोचिडीने प्यायलं की रक्तातली प्रतिद्रव्यं तिच्या पोटात जायची आणि जंतू तिथेच मरायचा, माणसात उतरण्याआधी. म्हणजे सुई माणसाला, औषध गोचिडीला. पण लसीमुळेच सांधे धरतात अशा तक्रारी झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्तमानपत्रांत छापून आलं. औषध प्रशासनाने तपासलं. लसीचा तसा संबंध त्यांना आढळला नाही. तोवर खप बसला होता. फेब्रुवारी 2002 मध्ये कंपनीने लस बाजारातून काढून घेतली. नव्या लसीची मोठी चाचणी सुरू व्हायला 2022 उजाडलं. मधल्या काळात कुत्र्यांना मात्र या आजाराची लस मिळत राहिली. आमच्या शेजाऱ्यांचा लॅब्राडोर दर वर्षी ती टोचून घेतो आणि माझ्या अंगणात खुशाल लोळतो.

अंगण. इथे घर घेताना मागे लागून असलेलं रान पाहून हुरळलो होतो. आता रान जिथे संपतं आणि हिरवळ सुरू होते तिथे नवऱ्याने लाकडाच्या ढलप्यांचा हातभर रुंद पट्टा टाकलाय. कोरड्या ढलप्या गोचिडीला मानवत नाहीत. अनवाणी चालणं बंद. पाचोळ्यात हात घालणं बंद. गणपतीच्या दूर्वा मी खुडत असे; त्या खऱ्या दूर्वा नव्हेतच म्हणा, इथल्या लॉनमधलं त्यातल्या त्यात तीन पात्यांचं गवत, पण बाप्पाने कधी तक्रार केली नाही. आता नवरा जातो, फिक्या पँटचे पाय पांढऱ्या मोज्यांत खोचून. सोवळ्याचा हा नवा प्रकार. आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये, दहा मिनिटं कडक गरम, मगच पूजा. धुण्याच्या पाण्याने गोचीड मरेलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरते.

हिवाळ्याची सुट्टी. बर्फ पडला की निर्धास्त, असं पूर्वी होतं. पण वाढ पूर्ण झालेली गोचीड शून्याच्या थोडं वर तापमान गेलं तरी हालचाल करू लागते, आणि असे दिवस आता जानेवारीतही येतात.

लांडगे. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी या भागात जंगल फारसं उरलंच नव्हतं. शेतीसाठी सगळं तोडलेलं, हरणं मारून संपवत आणलेली, लांडगे तर त्याआधीच संपलेले. मग शेतकरी पश्चिमेकडच्या सुपीक जमिनीवर गेले, पडीक शेतांत झाडं पुन्हा वाढली, हरणं परतली. लांडगे परतले नाहीत. त्या रानाचे तुकडे करून आमच्यासारख्यांनी घरं बांधली. तुकड्या-तुकड्यांच्या रानात मोठी जनावरं टिकत नाहीत. टिकतो तो पांढऱ्या पायांचा उंदीर. गोचिडीचं पिल्लू जंतू घेतं ते बहुधा त्याच्याकडून, हरणाकडून नव्हे. न्यूयॉर्क राज्यात रिचर्ड ऑस्टफेल्ड यांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलं की ओकची बोंडं भरपूर पिकली की पुढच्या वर्षी उंदीर वाढतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी जंतू बाळगणाऱ्या गोचिडी. तेव्हापासून ऑक्टोबरात छपरावर बोंडं टपटपू लागली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.

मटण. हे माझं नव्हे, व्हर्जिनियातल्या एका परिचितांचं. जात कोल्हापुरी, म्हणजे दुःख खरं. तिकडची गोचीड वेगळ्या जातीची, पाठीवर पांढरा ठिपका. ती चावल्यावर काहीजणांच्या शरीराला मांसातल्या एका साखरेचं वावडं होतं. जेवल्यावर लगेच काहीच नाही. तीन ते सहा तासांनी, मध्यरात्री, अंगभर गांधी, पोटात मुरडा, कधी श्वास अडकतो. जेवण आणि त्रास यांत इतकं अंतर पडतं की दोन्ही एकमेकांना जोडायचं कुणाला सुचत नाही. या आजाराची ओळख पटली तीच 2009 च्या सुमारास. आखाडाच्या पंगतीला आता ते कोंबडीवर भागवतात आणि तांबड्या रश्श्याच्या पातेल्याकडे पाठ करून बसतात.

पैसे. विम्यातून जे होतं ते झाल्यावर दुसरं एक जग सुरू होतं. तिथे दारं उघडी, माणसं गोड, "आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतो" हे पहिलंच वाक्य. मग महिनोन्महिने शिरेतून अँटिबायोटिक, वेगवेगळ्या पूरक गोळ्या, खासगी प्रयोगशाळेच्या तपासण्या. माझ्या ओळखीची एक जण त्यात घर गहाण ठेवण्यापर्यंत गेली. लांबलचक अँटिबायोटिकचा उपयोग होतो का, हे काही कुणी न पाहता सोडलेलं नाही. 2001 मध्ये अमेरिकेत आणि 2016 मध्ये नेदरलँड्समध्ये रीतसर चाचण्या प्रसिद्ध झाल्या. नुसत्या दिखाव्याच्या औषधाच्या तुलनेत पदरात फारसं काही पडलं नाही. शिरेत कायमची नळी ठेवण्याचे धोके मात्र खरे, जंतुसंसर्गाने माणसं दगावलीही आहेत. म्हणून मी त्या दारातून परत फिरले. पण आत जाणाऱ्यांना हसणाऱ्या डॉक्टरांचा मला जास्त राग येतो. एकाने माझी फाइल चाळून, माझ्याकडे न बघता, "मुलं मोठी झाली की बायकांना असं होतं" असं निदान केलं होतं. रुग्णबाईचं डॉक्टरच्या खोलीत ऐकून घेतलं असतं तर ती नळीवाल्यांच्या खोलीत कशाला गेली असती? आजार खरा असणं आणि त्यावर इलाज ठाऊक नसणं, ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणणारी डॉक्टर मला पुष्कळ उशिरा भेटली. ती झोपेचं बघते, दुखण्याचं बघते, थोडं थोडं चालायला लावते. बरं करीन असं म्हणत नाही.

माकडं. आईच्या घरापासून दोडामार्ग जवळ. तिथे 2016 मध्ये माकडतापाची साथ आली, काजूच्या हंगामाच्या तोंडावर. हाही गोचिडीचाच आजार, पण विषाणूचा; 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. ताप, मोडून टाकणारी अंगदुखी, काहींना रक्तस्राव. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. तिथे आधी माकडं मरून पडतात. बागेत वानर मेलेलं दिसलं की गावात वर्दी जाते, आरोग्य खात्याची माणसं येतात, फवारणी होते, अंगाला लावायचं तेल वाटतात. साथ भयंकरच, आणि तिची माझ्या दुखण्याशी बरोबरी करायची नाही. पण काजू गोळा करणाऱ्या बाईला ताप आला तर "तुझ्या मनाचे खेळ" असं तिला कुणी म्हणत नाही. इथला पांढऱ्या पायांचा उंदीर जंतू बाळगतो आणि स्वतः आजारीसुद्धा पडत नाही.

फोन. सुरुवातीला खूप यायचे. मंडळातल्या बायकांनी आळीपाळीने डबे आणले. एकीच्या पुरणपोळ्या अजून आठवतात. मग गणपती आला, मग दिवाळी, कुणाचं बाळंतपण, कुणाचे आईवडील भारतातून आलेले. दुखण्याला शेवट नसला की विचारणाऱ्यांनाही काय विचारावं कळत नाही. त्यांचं चुकत नाही. "चेहऱ्यावरून तर छान दिसतेस" असं म्हणतात, आणि मी छान दिसतेच. नणंदेने एकदा अख्खी यादी पाठवली: गुळवेल, हळदीचं दूध, पंचकर्म, केरळमधला एक वैद्य, आणि खाली, "वहिनी, सकारात्मक राहा." हळदीचं दूध पिते. चवीला चांगलं लागतं.

आईचा फोन मात्र रोज येतो, तिच्या सकाळी, माझ्या रात्री. कालही आला. मोठ्या इस्पितळात सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या होत्या, त्याचं काय झालं ते तिला हवं होतं.

"काय गो, काय म्हणाले?"

"सगळं नॉर्मल आहे म्हणाले. रिपोर्ट अगदी स्वच्छ."

"आणि तू?"

"आज भांडी घासायला उभं राहवलं नाही."

आई जरा थांबली. मग म्हणाली, "मग उद्यापासून त्या रिपोर्टलाच उभा कर भांडी घासायला."